घोडी तोंड वर करून पळते. लगाम कुठला घालू?

बालिंगेकर

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी अकलूजच्या बाजारातनं एक घोडी आणली. नाव शेवंती. रंग कुमाईत, वय सात (विकणाऱ्यानं सांगितलेलं), मारवाडी आणि आणखी कशाची तरी भेसळ. शर्यतीला नाही, वरातीला नाही, फक्त मला बसायला. माझं वय चव्वेचाळीस, उंची बेताची, वजन बेताबाहेरचं. लहानपणी रंकाळ्यावर दोन रुपयांत घोड्यावरनं फेरी मारली होती, तेव्हापासनं डोक्यात किडा होता.

घोडी गुणाची आहे. गोठ्यात पोरं तिच्या पायांतनं पळतात, कान हलवत नाही. बसलं की मात्र वेगळंच जनावर. आमच्या पाणंदीला सध्या उसाची वाहतूक जोरात. ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या आणि वर छातीत धडकी भरेल एवढा स्पीकर. तो आवाज आला की ही तोंड आभाळाकडं करते आणि सुटते. वाग (हातातला पट्टा) ओढली की अजून जोरात. गेल्या आठवड्यात थेट पानपट्टीपर्यंत गेली.

बाजारातनं आली तेव्हा तोंडात काटेलगाम होता. तो मी दुसऱ्याच दिवशी काढला आणि ऑनलाइन साडेपाच इंची स्नॅफल, म्हणजे बिनतरफेचा साधा लगाम, मागवला, मध्ये एक सांधा असलेला. आता एक मित्र म्हणतो कर्ब (दांड्या आणि साखळीवाला लगाम) घाल. पेंडीच्या दुकानातला म्हणतो काटेलगामच परत चढव. सल्ले दोन, घोडी एक, कंबर एक.

तर कुठला घालू? आणि माप कसं घेतात?

तांबडा_पांढरा

पानपट्टीपाशी थांबली का? थांबली असेल तर ब्रेक चांगले आहेत, ड्रायव्हर बदला.

बालिंगेकर

ती थांबली. मी नाही थांबलो.

टांगेवाला_संभा

भावा, लई लाड करायलाईस. आमच्यात तीन पिढ्या घोडी हाईत. आज्ज्याचा टांगा हुता, बाऽ शर्यतीला पळवायचा, मी बी दोन ठेवल्यात. घोडं तोंडाचं कठीण झालं की त्येला साधं लोखंड कळत न्हाई. काटेलगाम चढीव, दोन बोटं वाग ओढ, खटक्यात जाग्यावर. तुझ्या त्या ऑनलाइन लगामानं उद्या घोडी पानपट्टी सोडून पन्हाळ्याला नेईल तुला.

नुसता_वाचक

वाचतोय. घोड्याशी संबंध फक्त स्वतःच्या लग्नापुरता, तोही भाड्याचा होता.

रपेट_रोज

संभाभाऊ, काटेलगाम वापरणं कायद्यानं गुन्हा आहे, एवढं आधी सांगून ठेवते. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. त्याखाली १९६५ साली ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी नियम झाले. त्यातला आठवा नियम काटे, गुठळ्या किंवा टोकं असलेला लगाम, साज, जू, पराणी सगळ्यालाच बंदी करतो. तो गाडी हाकायलाही लागू आहे आणि वर बसायलाही.

बालिंगेकर, मी शहराच्या बाहेर मुलांना घोड्यावर बसायला शिकवते, तबेल्यात चार घोडी आहेत. सविस्तर रात्री लिहिते. तोपर्यंत एक सांगा, साडेपाच इंच हे माप तुम्ही कुठनं आणलंत?

बालिंगेकर

खरं सांगू? तीन मापं होती, साडेचार, पाच, साडेपाच. घोडी मोठी दिसते म्हणून मोठं घेतलं. बुटाचा एक नंबर वाढवून घेतो तसं.

टांगेवाला_संभा

कायदा कागदावर, घोडं रस्त्यावर. कोल्हापुरात कितीतरी वरातीचं नाचरं घोडं बगा, तोंडात काय असतंय ते.

रपेट_रोज

बघते ना. फेस पांढरा असायला हवा तिथं गुलाबी असतो.

फौजी_काका

बालिंगेकर, राग मानू नका, सरळ विचारतो. तुम्ही वाग धरता ती घोडीला थांबवायला, की आपण पडू नये म्हणून?

फौजेतली अकरा वर्षं घोड्यांत गेली. सुरुवातीचे कितीतरी आठवडे उस्तादांनी आम्हाला वागेला हात लावू दिला नव्हता. लांब दोरीवर घोडा गोल फिरायचा, मधोमध उस्ताद, रिकिबी काढून ठेवलेल्या, आमचे हात कमरेवर. दुडकीत बसून मांड्यांची सालटी निघाली. एका पोरानं विचारलं, उस्ताद, लगाम कधी? उस्ताद म्हणाले, आधी बूड चिकटव.

तोल गेला की माणूस वागेला लोंबकळतो. ते सगळं ओझं जातं घोड्याच्या तोंडात. घोड्याला वाटतं हा मला मारतोय, म्हणून तो त्या दुखण्यापासनं पळतो, तुम्ही अजून ओढता. आणि दोन्ही वागा सतत ताणून धरल्या की त्याला रेटायला आयता आधार मिळतो. तीन-चारशे किलोच्या जनावराशी रस्सीखेच खेळायची नसते. ओढायचं, सोडायचं, परत ओढायचं, सोडायचं. जागा असेल तर एका बाजूला वळवत मोठं वर्तुळ, मग लहान वर्तुळ. पण भरधाव असताना एकदम मान वळवायला जाऊ नका, दोघंही उसात सापडाल.

लगाम कुठला हा प्रश्न चांगला आहे, पण तो तिसरा. पहिला हात, दुसरा खोगीर. खोगीर मणक्यावर टेकत असेल तरी घोडं तोंड वर करूनच पळतं.

तांबडा_पांढरा

'तोंडाला लगाम नाही' असं आमच्या घरातनं मला रोज ऐकवतात. माप किती इंची घेऊ?

नुसता_वाचक

साडेपाच. मोठं दिसतंय म्हणून.

लीद_ते_लस

पशुवैद्यक आहे. शिक्षण शिरवळला, नोकरी या भागात, घोडी वर्षाला बोटांवर मोजण्याएवढी बघतो, उरलेलं आयुष्य म्हशी. फौजी काकांच्या यादीत एक जोडतो आणि ते सगळ्यांत वर घालतो: दात.

घोड्याच्या तोंडात पुढचे कातरायचे दात आणि मागच्या दाढा यांच्यात मोकळी जागा असते. लगाम बसतो तो या जागेत. तिथं नुसती हिरडी आणि हिरडीखाली लगेच हाडाची धार. स्वतःच्या नडगीवर पेन आडवं ठेवून दाबून बघा, म्हणजे कळेल. मांसच नाही, तर सोसणार कशावर? काटेलगामानं तिथं जखम होते, भरते, परत होते, आणि शेवटी जागा निबर पडते. 'तोंडाचा कठीण' घोडा म्हणतात तो पुष्कळदा असा तयार केलेला असतो.

आता दाढा. त्या आयुष्यभर वर सरकत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि चावून चावून झिजतात. पण वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळं वरच्या दाढांची गालाकडची कड आणि खालच्यांची जिभेकडची कड झिजायची राहते आणि सुरीसारखी होते. वाग ओढली, तोंडाचा पट्टा आवळला की गाल त्या कडांवर दाबला जातो. आतनं कापतं. तुम्ही बाहेरनं बघता, तुम्हाला फक्त घोडी तोंड वर करताना दिसते.

शिवाय वुल्फ टूथ नावाचा प्रकार असतो. पहिल्या दाढेच्या पुढं एखादा छोटासा, बिनकामाचा दात, बहुतेक वरच्या जबड्यात. सगळ्यांना नसतो, असला तरी सगळ्यांना त्रास देत नाही. पण लगाम त्याच्यावर आपटत असेल तर सोन्याचा लगाम घातलात तरी घोडी मान झटकणार.

मला सांगा: चारा चघळून बोळे खाली टाकते का? लिदीत हरभऱ्याचे अख्खे दाणे दिसतात का? मान एकाच बाजूला जास्त झटकते का?

आणि वय कुणाकडनं तरी दात बघून नक्की करून घ्या. बाजारातली 'सात वर्षं' बरीच वर्षं टिकतात.

बालिंगेकर

डॉक्टर, बोळे टाकते! मला वाटायचं कडबा आवडत नाही. आई म्हणायची, नखरेल आहे, वाडं (उसाचे शेंडे) घाल. वाड्याचेही बोळे. मान डावीकडं झटकते. दाण्यांचं उद्या बघून सांगतो.

तांबडा_पांढरा

उद्या सकाळी बालिंगेकर लिदीत काय शोधतायत ते शेजाऱ्यांना कळायच्या आत धागा शंभरी गाठणार.

शब्दखुणा

अवांतर, पण राहवत नाही. तोंडात जातो त्या लोखंडी तुकड्याला मराठीत स्वतंत्र शब्द आहे, कडियाळं. जुन्या कोशांत सापडतो. हातात असते ती वाग, नुसतं बांधायला डोक्यात घालतात ती मोहरकी. लगाम आणि खोगीर फारसीतनं आले आणि इथलेच झाले. आता आपण सगळ्या सरंजामालाच लगाम म्हणतो, म्हणून 'लगाम बदल' म्हटलं की नेमकं काय बदलायचं ते कळत नाही.

टांगेवाला_संभा

आज्जा कडियाळंच म्हणायचा. लई वर्षांनी वाचला शब्द.

थंडीत टांगा जोडायच्या आधी तो कडियाळं हातात धरून बसायचा, च्या पिऊन हुईस्तोवर. कधी बंडीच्या आत छातीला लावायचा. गार लोखंड तोंडात घातलं तर घोडं दुसऱ्या दिवशी तोंड देत न्हाई, म्हणायचा. आन् नवं घोडं आणलं की मधल्या दांडीला मऊ कातडं शिवून घ्यायचा.

फौजी_काका

संभा, मग आज्जा काटेलगाम घालायचे का?

टांगेवाला_संभा

आज्जा न्हाई. बाऽनं आणला, शर्यतीला लागल्यावर.

रपेट_रोज

काल लिहिते म्हटलं आणि मुलांच्या सहलीत अडकले. आता घ्या, लांबण आहे.

माप: पेन्सिलीएवढी जाड, गुळगुळीत, साल काढलेली काठी घ्या. लगामासारखी तोंडात धरा, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांशी खूण करा, मधलं अंतर मोजा. दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच मोकळे हवेत म्हणून त्यात अर्धा इंच मिळवा. मारवाडी, काठेवाडी घोड्यांची तोंडं अंगाच्या मानानं चिंचोळी असतात. माझ्याकडच्या चारांत तिघी पावणेपाचवर बसतात, फक्त रेसमधनं निवृत्त झालेल्या थरोब्रेडला सव्वापाच लागला. तुमचा साडेपाच नक्की मोठा आहे. मोठा लगाम डावी-उजवीकडं सरकतो आणि मधला सांधा मध्यावर राहतच नाही.

उंची: गालाचे पट्टे असे धरा की ओठांच्या कोपऱ्यात एक किंवा दोन सुरकुत्या पडतील. सैल सोडला की घोडी जीभ वर काढून लगामाच्या वर टाकायला शिकते, आणि ती सवय मोडता मोडत नाही.

सांधा: एक सांध्याचा लगाम ओढला की अडकित्त्यासारखा मिटतो. जीभ सुपारीसारखी मध्ये. टाळू खोल असलेल्या घोड्याचं यात काही बिघडत नाही, पण टाळू सपाट असेल तर सांधा वर टोचतो आणि घोडं तोंड उघडतं, नाहीतर वर करतं. दोन सांधे आणि मध्ये गुळगुळीत गोळी असलेला घेतला तर तो जिभेवर वळून बसतो. एक सावधगिरी. मधल्या तुकड्याची चपटी पट्टी असेल तर ती जिभेवर सपाट बसते का धारेनं, हे हातात धरून बघा. दोन्ही प्रकार मिळतात आणि फोटोत सारखेच दिसतात. तिसरा पर्याय बिनसांध्याचा, किंचित बाक दिलेला. काही घोड्यांना हलणारं काहीच नको असतं, त्यांना तो मानवतो.

जाडी: 'जाड तेवढा मऊ' हे सगळे सांगतात. दाब पसरतो हे खरं. पण लहान तोंडात जाड जीभ असेल तर आत जागाच उरत नाही, तोंड मिटायला त्रास होतो. ओठ उचलून बघा, जिभेच्या कडा दातांबाहेर ओसंडत असतील तर मध्यम जाडीचा घ्या.

कड्या: गोल सुटी कडी फिरत राहते, म्हणून घोडं लगामावर टेकून बसत नाही. पण भोक झिजलं की ओठाचा कोपरा चिमटतो. अंड्याच्या आकाराची कडी चिमटत नाही, थोडी स्थिर असते. तुमच्यासारख्या नवख्या हाताला हीच.

बाजारात चकचकीत निकेल चढवलेले स्वस्त लगाम मिळतात, ते घेऊ नका. मुलामा सोलला की खाली करवतीची धार. घ्याल तो आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवा. तुम्हाला ओरखडा उठला तर तिलाही उठणार. स्टेनलेस स्टील पुरे. तांब्याची गोळी असली तर लाळ सुटते, काही घोड्यांना आवडते.

कात्रजचा_घाट

वाचनखूण साठवली. घोडा नाही, पण साठवली.

बालिंगेकर

रपेटताई, मनापासून आभार. कर्बचं राहिलं. मित्र हट्टाला पेटलाय, म्हणतो फौजेत, पोलोत सगळे तसलेच वापरतात.

फौजी_काका

कर्बचं मी सांगतो. स्नॅफलमध्ये हातात एक किलो ओढलं तर तोंडात एक किलो. कर्ब ही तरफ आहे. लगामाच्या वरची दांडी दोन इंच आणि खालची सहा इंच असेल तर हातातला एक किलो तिप्पट होतो. हनुवटीखाली साखळी असते, ती खालनं आवळते, पट्टा कानामागनं दाबतो. साखळी सपाट, पिळ न पडता बसली पाहिजे आणि दांडी साधारण पंचेचाळीस अंशांत मागं आली की लागली पाहिजे. आधीच लागली तर घोडं कायम चिमट्यात, उशिरा लागली तर दांडी आडवी होऊन नुसतीच ओढाताण.

शिकलेल्या हातात कर्ब म्हणजे कुजबुज. बोट हललं की घोड्याला कळतं. तुमच्या हातात आज म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. पुन्हा सांगतो, राग मानू नका. शिवाय घाबरून पळणाऱ्या घोडीला कर्ब एकदम लागला तर ती मागच्या पायांवर उभी राहू शकते, आणि उलटी पडली तर तुमच्या अंगावर. कावळा नाक्यावर ताराराणींच्या पुतळ्यातला घोडा तसा उभा आहे, तो ब्राँझचा आहे.

तांबडा_पांढरा

आणि वर ताराराणी आहेत. बालिंगेकर नाहीत.

मुळामुठा

सगळेच लगामाच्या मापात अडकलेत. लगाम हवाच कशाला? बिनलगामाची पण मोहरकी असते, नाकावरनं चालवायची. परदेशात लोक तशी उडीसुद्धा मारतात. आपल्याकडं आधी तोंडात लोखंड कोंबायचं आणि मग किती प्रेमानं कोंबलं यावर चर्चा.

टांगेवाला_संभा

आलं पुणं.

मुळामुठा

मुद्द्यावर बोला की.

लीद_ते_लस

मुळामुठा, मुद्दा चांगला आहे. तोंडात जखम असेल तेव्हा मीच बिनलगामाची मोहरकी सुचवतो. पण बिनलगाम म्हणजे बिनत्रास असं समजू नका. लांब दांड्यांची यांत्रिक मोहरकी हीसुद्धा तरफच, फक्त तोंडाऐवजी नाकावर. नाकाचं हाड खाली निमुळतं होत जातं, पुढं नुसती कूर्चा. पट्टा खाली सरकला तर त्या नाजूक भागावर दाब येतो आणि श्वासही अडतो. घोडा तोंडानं श्वास घेत नाही, फक्त नाकानं. साध्या पट्ट्याची वापरा, हाडावर बांधा, हात हलका ठेवा. म्हणजे गाडी परत काकांच्या बुडावर आली.

मुळामुठा

मान्य. पण पहिला पर्याय म्हणून तरी धाग्यात यायला हवा होता.

जुना_राजवाडा

कोल्हापुरात घोड्यांचा धागा आणि शाहू महाराजांचं नाव नाही? महाराजांचा खडखडा, म्हणजे घोडी शिकवायची गाडी, इथं पोराटोरांनाही ठाऊक. नवी जनावरं गाडीला जुंपून माणसाळवायची, आवाजाला, रस्त्याला सरावायची. आज ट्रॅक्टरला बुजणाऱ्या घोडीला पण तेच लागणार. तोंडात काय घालायचं यावर इतकं लिहून झालं, कानांचं कुणी बोललंच नाही. तिला रिकामी, हातात धरून रोज थोडी थोडी ट्रॅक्टरजवळ न्या. आधी बंद ट्रॅक्टर, मग चालू, मग स्पीकर. जवळच गूळ द्या. गुळाला आपल्याकडं तोटा नाही.

लीद_ते_लस

गूळ खडाभर. ढेप नाही.

बालिंगेकर

जुना राजवाडा, हे एकदम पटलं. भाऊबंदांचाच ट्रॅक्टर आहे, बंद हवा तेव्हा मिळेल. स्पीकर बंद करायला मात्र कुणी तयार होणार नाही.

आणि हो, दाणे सापडले. अख्खे. पुष्कळ. शेजाऱ्यांनी बघितलं.

तांबडा_पांढरा

हे होणारच होतं.

शब्दखुणा

'घोडं कुठं पेंड खातं' याचं उत्तर लिदीत मिळालं. माझी रजा.

नवा_डाव

थोडं अवांतर. तोंडाचा पट्टा, गालाचे पट्टे हे सगळं कुठं करून मिळतं? कानपूरचं तयार सामान ऑनलाइन मागवलं, ते आमच्या भीमथडीच्या तट्टाला गळ्यात हार घातल्यागत झालंय.

रपेट_रोज

मी चपलांच्या एका कारागिराकडनं शिवून घेते. आधी तो हसला, मग जुना पट्टा नमुना म्हणून ठेवून घेतला, आता नव्याचे टाके कानपूरपेक्षा सरळ असतात. त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली, नाकाचा पट्टा करकचून बसेल असा करू नको. नाकाचं हाड आणि पट्टा यांमध्ये दोन बोटं गेली पाहिजेत. तोंड आवळून बंद केलं की घोडं तोंड उघडत नाही, लोकांना वाटतं लगाम मानवला. मानवला नसतो, तक्रार करायची सोय बंद केलेली असते.

बालिंगेकर

तीन आठवडे झाले, हिशोब द्यायचा राहिला.

दातांचं काम येणारे डॉक्टर बाहेरनं बोलवावे लागले. गुंगीचं इंजेक्शन दिलं, तोंड उघडं धरायची चौकट घातली, मला म्हणाले हात घालून बघा. डाव्या बाजूच्या वरच्या दाढेच्या कडेला बोट लावलं आणि लगेच काढलं. पत्र्याची कड असते ना कापलेली, तशी. आतनं गालाला दोन जखमा, एक जुनी, एक ताजी. ताजी माझ्यामुळं. त्याच बाजूला वुल्फ टूथ होता, शेंगदाण्यापेक्षा लहान. तो काढला, दाढा घासल्या. लगामाच्या जागेवर हिरडीत गाठीसारखं आहे, ते काटेलगामाचं, कायमचं. वय अकरा ते बारा निघालं. सातपासनं बाराकडं एका दुपारीत आली बिचारी.

दोन आठवडे तोंडात काही घातलं नाही. मुळामुठा, तेवढे दिवस साध्या मोहरकीवर फिरवली, हातात धरून. खाणं सुधारलं, बोळे बंद.

काठीचं माप सव्वाचार आलं. म्हणजे पावणेपाच. अंड्याच्या कडीचा, दोन सांध्यांचा, मध्ये गोळी. मनगटावर फिरवून घेतला. सकाळी चहा होईस्तोवर हातात धरून बसतो, संभाभाऊंच्या आज्ज्यांची आठवण काढून. बायको म्हणते, माझा हात कधी एवढा वेळ धरला नाहीत.

बसायला रपेटताईंच्या तबेल्यात जातोय. लांब दोरीवर, रिकिबीशिवाय, आठ-नऊ वर्षांच्या पोरांच्या रांगेत. ती पोरं मला 'अंकल, टाचा खाली' असं ओरडतात.

शेवंती अजून ट्रॅक्टरला बुजते. परवा दहा-बारा पावलं पळाली. ओढलं, सोडलं, ओढलं, सोडलं, थांबली. तोंड मात्र वर केलं नाही. मी घामानं भिजलो होतो.

फौजी_काका

आणि तुम्ही पण वरच होतात ना?

बालिंगेकर

हो काका. दुसऱ्यांदा सोडायचं विसरलो होतो, तेव्हा कान मागं केले तिनं. कळलं लगेच.

टांगेवाला_संभा

म्हंजे लगामाचा दोष न्हवताच. मग एवढा धागा कशाला पाडला?

लीद_ते_लस

लगामाचाही होताच की. हिरडीतली गाठ घोडी जन्माला घेऊन आली नव्हती.

नवा_डाव

माझं शिंगरू दोन वर्षांचं झालंय. त्याला लगाम केव्हा घालायचा?

फौजी_काका

घाई करू नका. आधी मोहरकीवर चालायला, थांबायला, वळायला शिकू दे. मग तोंड तपासून घ्या. दुधाचे दात पडून पक्के येण्याचं काम साधारण पाचव्या वर्षापर्यंत चालतं, त्यात हिरड्या दुखऱ्या असतात. बसायचं तर आत्ता नावच नको.

बालिंगेकर

कुणी काटेलगाम विकत मागायला आलं तर काय सांगावं? पेंडवाल्यानं विचारलंय, घरात पडलाच आहे तर देऊन टाक म्हणतो.

रपेट_रोज

देऊ नका. लोहाराकडं द्या, खिळे करून देईल.

टांगेवाला_संभा

डॉक्टर, ते दाढा घासणारं कोण आलतं त्यांचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करा की जरा. माज्यासाठी न्हवं. पाव्हण्याची एक घोडी हाय, बोळं टाकती म्हणत हुता.

तांबडा_पांढरा

पाहुण्यांना सांगा, आधी लिदीत बघायचं. शेजारी उठायच्या आत.